सव्वादोन मीटर

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत सहावीला गणित शिकवते. मागच्या वर्षी वर्गातल्या एका मुलीने एक उदाहरण सोडवले होते. एका कुर्त्याला सव्वादोन मीटर कापड लागते, तर आठ कुर्त्यांना किती? तिने 2 ला 8 ने गुणले, 16 आले आणि ¼ तसाच शेजारी ठेवून दिला. उत्तर सव्वासोळा मीटर. मी लाल फुली मारली, बाजूला 18 लिहिले आणि पुढची वही ओढली. वह्या खूप होत्या, हे कारण मी स्वतःला नंतर बरेच दिवस देत राहिले.

महिनाभराने ती उतरल्या चेहऱ्याने आली. "टीचर, अम्मी का कपडा कम पड गया."

तिची अम्मी घरी काज-बटण, तुरपाई करायची. पहिल्यांदाच आठ कुर्त्यांची ऑर्डर मिळाली. हिशोब तिने शिकलेल्या लेकीला विचारला आणि गांधीबागेतून सव्वासोळा मीटर कापड आणले. सात कुर्ते झाले, अर्धा मीटर उरला. तोवर त्या ताग्यातले कापड संपले होते. दुसरीकडून आणलेले जरा फिके निघाले, गिऱ्हाइकाने पैसे कापले.

मला अब्बांची आठवण झाली. ते मराठी शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, अगदी साडेतीनची औटकीसुद्धा पाठ करून आलेले. त्यांना सव्वादोन आठा विचारले असते, तर सवायकीतले आठ सव्वे दहा, त्यात आणखी आठ, असे अठरा त्यांनी तोंडावर सांगितले असते. आमच्या मुलांना 2¼ चे 9/4 करता येते, पण तो आकडा 'सव्वादोन' आहे हे कितीदा लक्षातच येत नाही. खरे तर उर्दूतही सवा, डेढ, ढाई, पौने आहेतच. 'अंदाज' हा शब्दही दोन्हीकडे फारसीतूनच आलेला.

आता वर्गात पेन्सिल उचलण्याआधी समासात अंदाज लिहायचा. 22 मीटरमध्ये पावणेतीन मीटरचे किती कुर्ते? एकाने साडेसाठ लिहिले, भागायचे सोडून गुणले होते. मी म्हटले, तीन-तीन मीटरचे धर. सात होतात. मग पावणेतीनचे सातापेक्षा थोडे जास्त, किंवा सातच. साडेसाठ कुठून येतील? आणि अर्धा कुर्ता कोण घालेल? वर्ग हसला. उत्तर आठ.

पण त्या मुलीची चूक अशी सहज सापडणारी नव्हती. सव्वादोनचे दोन धरले की सोळा येतात आणि सव्वासोळा त्याच्या जवळच दिसते. म्हणून मी आणखी एक प्रश्न विचारायला लावते: सोडून दिलेल्या पावांचे काय झाले? आठ कुर्त्यांचे आठ पाव, म्हणजे पुरे दोन मीटर. एक पाव नव्हे.

हे फळ्यावर चालले असताना तिनेच हात वर केला. "टीचर, अंदाज ऊपर का लेना या नीचे का?"

मला थांबावे लागले. पुस्तकातला नियम तिच्या कामाचा नव्हता. मी म्हटले, विकत आणायचे असेल तर वरचा धर. हातात आहे त्यात किती बसते ते पाहायचे असेल तर खालचा.

तिने ते वहीत लिहून घेतले. ती वही ज्या पिशवीत असते, ती अम्मीने उरलेल्या अर्ध्या मीटरची शिवली आहे.