प्लेट कोरी राहते तेव्हा

हिरव्या बुरशीने भरलेली प्लेट समोर आली की मला खरं तर बरं वाटतं. ट्रायकोडर्मा आहे, म्हणजे हवेतून किंवा हातातून काहीतरी आत शिरलं. पुढच्या वेळी कुठे जपायचं ते कळतं. बीजाणू पेरून पंधरवडा उलटला, तरी माध्यम ओतलं त्या दिवसाइतकंच स्वच्छ राहिलं, तर मात्र ती प्लेट काहीच बोलत नाही. बीजाणू मेले, झोपलेत, की पेरलेच गेले नाहीत, तिन्ही शक्यतांचा चेहरा एकच.

गेल्या उन्हाळ्यात अशा कोऱ्या प्लेटांचा एक डबा माझ्याकडे आला. मायक्रोबायॉलॉजी शिकवणं सोडल्यापासून मी घराच्या मागच्या खोलीत अळिंबीचं स्पॉन, म्हणजे बियाणं, करते. डबा पाठवणारा माझा जुना विद्यार्थी कुडाळजवळ भाताच्या पेंढ्यावर धिंगरी पिकवतो. मे महिन्याच्या उकाड्यातही त्याच्या एका वाणाला फूल आलं होतं, पण वजन कमी. दुसरा वाण भरघोस यायचा, पण उन्हाळ्यात दगा द्यायचा. दोघांचा संकर करायचं त्याने मनावर घेतलं होतं. अळिंबीच्या गाभ्याचा तुकडा माध्यमावर ठेवला तर तोच वाण पुन्हा मिळतो. संकर हवा तर बीजाणूंपासूनच, म्हणजे टोपीने सोडलेल्या बीजाणूंच्या ठशापासून, प्रिंटपासून, सुरुवात करावी लागते.

फोनवर त्याचा सूर पडलेला होता. "मॅडम, प्रिंटच मेलीय बहुतेक. टाकून देऊ?"

"काही टाकू नकोस. प्रिंट पण पाठव."

आधी मी त्याच्या प्लेटेवरून पाण्याचा एक थेंब उचलून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. धिंगरीचे बीजाणू लांबुळके असतात, साधारण 8 ते 12 मायक्रॉन. होते तिथे, भरपूर होते. एकालाही कोंब नव्हता. म्हणजे पेरणी झाली होती. मग प्रिंट पाहिली. कल्ल्यांची बाजू खाली करून टोपी रात्रभर फॉइलवर ठेवलेली, फिकट जांभळट पांढरा ठसा नीट वाळवलेला, कागदी पाकिटात सिलिका जेलसोबत फ्रिजमध्ये जपलेला. यात बोट ठेवायला जागा नव्हती. प्रिंट दमट राहिली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली, तर बीजाणूंच्या आधी जिवाणू माजतात. तसं काही झालेलं नव्हतं.

त्यातलेच थोडे बीजाणू मी माझ्या साध्या माध्यमावर पसरले आणि प्लेट 25 अंशांवर ठेवली. दोन दिवसांत कोंब आले. प्रिंट ठणठणीत होती. दोष त्याच्या प्लेटांत होता.

"माध्यमात काय काय घातलंस ते सांग. पाण्यापासून."

बटाटा, डेक्स्ट्रोज, अगार, कुकरमध्ये 15 पौंड दाबावर वीस मिनिटं. सगळं पाठ होतं. आणि शेवटी, सहज सांगितल्यासारखं, "निवल्यावर थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमधलं."

त्याच्याकडे गाळलेली हवा सोडणारा लॅमिनार फ्लो नाही, म्हणून कुणीतरी त्याला ही युक्ती दिली होती. युक्ती खोटी नाही. अळिंबीच्या वाढलेल्या तंतूंचा तुकडा अशा माध्यमावर ठेवला तर तो मजेत वाढतो, कारण एवढ्या पेशी मिळून पेरॉक्साइड फोडणारी विकरं पुरेशी बनवतात. हवेतून पडलेल्या एकट्यादुकट्या बुरशीच्या बीजाणूला ते जमत नाही आणि तो मरतो. पण अळिंबीचा बीजाणूही एकटादुकटाच की! पेरॉक्साइडला पाहुणा आणि चोर यांतला फरक कळत नाही.

मी त्याला पेरॉक्साइड पेरणीपुरतं बंद करायला सांगितलं. तंतू वाढले की पुढच्या प्लेटांत खुशाल घाल. पेरणी पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत हात घालून करायची, घरातला पंखा बंद ठेवून. जिवाणूंसाठी क्लोरॅम्फेनिकॉल, ते कुकरच्या उष्णतेत टिकतं, त्यामुळे आधीच घालता येतं. आणि प्रिंट घेताना तोंडाला मास्क. धिंगरीच्या खोलीत बीजाणूंचा धूर उठतो आणि वर्षानुवर्षं तो हुंगणाऱ्यांना खोकला, दमा जडतो. बीजाणू न सोडणारे वाण काढण्याचे प्रयत्न झाले ते उगाच नाही. हे मी वर्गातही सांगायचे, तेव्हा मागच्या बाकांवर हशा व्हायचा.

धिंगरी रुजल्यावर त्याला हुरूप आला आणि त्याने बटण अळिंबीची प्रिंट पाठवली, गडद चॉकलेटी. या वेळी माझ्याही प्लेटा कोऱ्या राहिल्या. मला त्याचं नवल वाटलं नाही. बटणचे बीजाणू एकटे पेरले तर फार थोडे रुजतात आणि रुजायला कितीतरी दिवस घेतात. अमेरिकेत मार्गारेट फर्ग्युसन यांनी 1902 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याची मेख सापडते: जवळपास त्याच अळिंबीचे जिवंत तंतू वाढत असतील, तर बीजाणू रुजू लागतात. पुढे कळलं, की तंतूंमधून उडणाऱ्या आयसोव्हॅलेरिक आम्लासारख्या पदार्थांचा यात हात आहे. हे आम्ल एकदा हुंगलं की विसरत नाही. दिवसभर बुटात राहिलेल्या मोज्यांचा वास.

मी मधे भिंत असलेली प्लेट घेतली. एका कप्प्यात बटणचे तंतू, दुसऱ्यात बीजाणू. स्पर्श नाही, फक्त हवा सामाईक. शेजारी तशीच दुसरी प्लेट, पण तंतूंशिवाय. दुसऱ्या आठवड्यात पहिल्या प्लेटेत कोंब दिसले. थोडेच, पण दिसले. तंतूंशिवायची प्लेट तशीच कोरी. आपल्या जातीचं कुणी जिथे नांदतंय तिथे खायलाही असणार, असा काही हिशेब त्या बीजाणूमागे असावा असा माझा अंदाज.

त्याने लगेच विचारलं, "ते आम्ल कुठे मिळेल?"

"घरात आणू नकोस. बायको बाहेर काढेल. तंतूंचा तुकडा फुकट आहे."

धिंगरीचं काम मात्र रुजण्यावर संपत नाही. एका बीजाणूपासून वाढलेल्या तंतूंना सहसा फूल येत नाही. जुळणारा जोडीदार लागतो. एकाच टोपीतले बीजाणू आपसांत लावले तर चारांत एखादी जोडी जुळते. वेगवेगळ्या वाणांचे लावले तर बहुतेक जुळतात. जुळलं की तंतूंच्या सांध्यावर छोटा आकडा दिसतो, त्याला क्लॅम्प म्हणतात. सध्या तो जोड्या लावतोय आणि सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला मोबाइल टेकवून काढलेले फोटो रात्री अकरा वाजता पाठवतो. खाली एकच प्रश्न: "मॅडम, क्लॅम्प ना?" निम्म्याहून जास्त वेळा तो हवेचा बुडबुडा असतो.