केसपेपरच्या मागची वंशावळ

खानापूर-आटपाडी आणि पलीकडच्या खटाव-माण या दुष्काळी पट्ट्यातील माणसे गलाईसाठी, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी, देशभर गेली. गावच्या जत्रेला ती परततात आणि त्या आठवड्यात माझा दवाखाना भरून जातो.

गेल्या चैत्रात कोइमतूरहून आलेले 38 वर्षांचे गृहस्थ रक्तदाब तपासायला आले. वडील कशाने गेले, हे त्यांना ठाऊक होते. कानपूरचे आणि मदुराईचे चुलते कशाने गेले, ते नव्हते. सोबतच्या आजी शांतपणे म्हणाल्या, "तिघंबी छाती धरूनच गेली की, डॉक्टर. पन्नाशी कुणी बघितली न्हाई."

वाचकहो, वडील किंवा भाऊ यांना 55 वर्षांच्या आत, आई किंवा बहीण यांना 65 च्या आत हृदयविकार झाला असेल, तर आपला धोका वाढतो. एका वाड्यात नांदणाऱ्यांना हे न विचारता कळे. चार प्रांतांत विखुरलेल्यांना विचारून घ्यावे लागते. डॉक्टरांची घरेही अपवाद नाहीत. माझ्या सख्ख्या मावशीचा मधुमेह मला तिच्या पायाच्या शस्त्रक्रियेनंतर कळला!

मी केसपेपरच्या मागे वंशावळ मांडली. आजींनी तीन पिढ्या सांगितल्या, सुनांच्या माहेरांसकट. नातवाने कागदाचा फोटो चुलतभावांना धाडला. जत्रा उलगडण्यापूर्वी पाच जण तपासून गेले. दोघांचा रक्तदाब वाढलेला निघाला. सहावा, सर्वांत थोरला, "पुढच्या जत्रेला बघू" म्हणाला. त्याचा फोन नंबर मी आजींकडून घेऊन ठेवला आहे.