बाळ कुणाजवळ असतं?

रजा संपवून पहिल्या दिवशी वर्गावर गेले. हजेरी घेतली आणि पुस्तक उघडणार तोच दुसऱ्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, बाळ कुणाजवळ असतं हो?" वर्ग हसला, मीही हसले. आमच्या स्टाफरूममधील एका सहकाऱ्यांचे बाळ माझ्या बाळाहून तीन आठवड्यांनी मोठे आहे. त्यांना मात्र हा प्रश्न आजतागायत कोणी विचारलेला नाही!

प्रश्न विचारायला एक क्षण लागला. त्याचे उत्तर शोधायला मला दोन महिने लागले होते.

1961 च्या कायद्याने नोकरदार बाईला बाळंतपणासाठी बारा आठवडे दिले होते, 2017 च्या दुरुस्तीने त्यांचे सव्वीस झाले. ऐकताना सव्वीस आठवडे पुष्कळ वाटतात. पण बाळ कुशीत असले की कॅलेंडरची पाने फार भराभर उलटतात. आई खानापूरला, वडिलांच्या आजारपणात अडकलेली. सासूबाई घरात आहेत, परंतु त्यांचे गुडघे त्यांच्याच ताब्यात नाहीत. बाळाला मांडीवर घेऊन बसतील, उचलून उठणे नाही. पाळणाघरात चौकशी केली, तर दीड वर्षाखालचे मूल घेत नाहीत. म्हणजे सकाळी साडेनऊ ते दुपारी दोन एवढ्यापुरतीच एक बाई हवी होती. "एवढ्यापुरतीच" हा शब्द मी त्या काळात फार सहज वापरत असे.

पहिली बाई आली ती बाहेरूनच म्हणाली, "दिवसभराचं असंल तर सांगा." मला तिचा रागच आला. मग तिने हिशेब मांडला. धुण्याभांड्याचे एक घर तासाभरात उरकते, सकाळच्या त्या वेळात तिची चार घरे होतात. मूल सांभाळायचे तर चारही तास एकाच उंबऱ्याच्या आत. आणि मी पैसे मोजणार अर्ध्या दिवसाचे! अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनाही याहून सोपे करून सांगता आले नसते. त्या दिवसापासून चार घरांचे पैसे द्यायचे, असे आम्ही ठरवले.

दुसऱ्या एका ओळखीच्या बाईंनी तेरा-चौदा वर्षांची मुलगी पाठवते म्हणून सांगितले. "शाळा सोडलेलीच आहे, गरीब आहे, उलट बोलायची नाही." मी ताडकन नाही म्हटले. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास 2006 पासून बंदी आहे, हेही ऐकवले. आपल्या तत्त्वनिष्ठपणाचे मला त्या रात्री बरेच कौतुक वाटले. हे कौतुक कृपया लक्षात ठेवा.

शेवटी वडगावहून अक्का आली. घरात पूर्वी माग होते, ते विकले गेलेले. आल्याबरोबर बाळाला उचलायला धावली नाही. हातपाय धुतले, पदराला हात पुसले आणि पाळण्यापासून दोन हातांवर स्वस्थ बसून राहिली. बाळ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यानेच तिच्या हिरव्या बांगड्यांकडे हात केला. "आता घेतो, टीचर," ती म्हणाली. मला त्याच क्षणी कळले की, आपला शोध संपला.

आठ दिवस रंगीत तालीम झाली. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आले, दुसऱ्या दिवशी तासभर, मग दोन तास. काढून ठेवलेले दूध फ्रीजमधून काढून गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायचे, विस्तवावर नाही, हे मी तिला शिकवले. बोंडल्याने पाजताना बाळाची मान कशी धरायची, हे तिने मला शिकवले. "तुम्हाला रजा किती?" तिने एकदा विचारले. मी सांगितले. "मी सव्वा महिन्यात कांड्या भरायला बसलो," एवढेच ती म्हणाली.

भाषेचीही गंमत झाली. नवव्या महिन्यात बाळ एके दिवशी "बा" म्हणाले. त्याच्या वडिलांना वाटले, आपल्यालाच हाक मारली, स्वारी खूश! पण अक्का रोज हात पसरून "बा, बंगारा" म्हणते आणि कानडीत "बा" म्हणजे "ये". बाळ बापाला हाक मारत होते की अक्काला बोलावत होते, याचा निकाल अजून लागलेला नाही.

मग एका गुरुवारी अक्का आली नाही. निरोपही नाही. कॉलेजात रजा टाकली आणि अकराच्या सुमारास बाळाला कडेवर घेऊन मी वडगावला तिच्या घरी गेले. दार उघडले ते नऊ वर्षांच्या मुलीने. तिच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ. आत अक्का तापाने फणफणत होती.

"आज शाळा नाही?" मी मुलीला विचारले.

"अव्वा कामाला जाती की. हेला कोण बघायचं?"

अक्का आज घरी होती. पण मुलगी त्या दिवसापुरते बोलत नव्हती. मी कामावर रुजू झाल्यापासून ती आठवड्यातले तीन-चार दिवस शाळेत जात नव्हती. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला बाणेदारपणे नाकारणारी मी, नऊ वर्षांच्या मुलीच्या जिवावर वर्गात उभी राहून शिकवत होते. मी अक्काची चौकशी चार घरांत केली होती, तिला नाना प्रश्न विचारले होते. "तुझं बाळ कुणाजवळ असतं?" हा एकच प्रश्न विचारला नव्हता.

मी इतिहास शिकवते. बाल शंभूराजांना दूध पाजणारी कापूरहोळची धाराऊ किती वेळा वर्गात सांगितली असेल. गडावर असताना तिच्या घरचे काय चालले असेल, हा विचार मात्र त्या दिवशी वडगावच्या गल्लीतून परतताना प्रथम मनात आला.

आता अक्का धाकट्याला घेऊनच येते. सासूबाई आधी कुरकुरल्या, "एकाची दोन पोरं झाली!" आता त्यांच्या मांडीवर कोणी बसायचे यावरून दोघांचे भांडण असते. धाकट्याने एक चष्मा आणि दोन कपबशा फोडल्या. थोरली शाळेत जाते. मागे पडलेला अभ्यास भरून निघाला, असे म्हणणार नाही. गणित अजून कच्चे आहे. शनिवारी दुपारी ती पाटी घेऊन येते.

विद्यार्थिनींनो, तुमचा प्रश्न चुकीचा नव्हता. फक्त तो माझ्याइतकाच त्या सहकाऱ्यांनाही विचारा. आणि उद्या तुम्ही नोकरीला लागाल, घरी कोणी बाई येईल, तेव्हा पगार ठरवण्याआधी तिलाही विचारा. वर्गातल्या मुलांनो, तुम्हीसुद्धा.

हा लेख मराठी विभागात छापून येईल आणि थोरली कानडी शाळेत शिकते. कन्नड विभागाच्या संपादकांनी तिला तो वाचून दाखवायचे कबूल केले आहे. तिला काय वाटेल, याची थोडी धाकधूक आहे.