छप्पर खाली धरताना

स्टेडियमचं छप्पर पाहून लोक विचारतात, पुढे खांब नसताना एवढं वजन पेलतं कसं? प्रश्न रास्त आहे, पण आम्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरांना वजनापेक्षा वाऱ्याचा घोर जास्त. वानखेडेचंच बघा. २०११च्या विश्वचषकासाठी त्याचा कायापालट झाला, तेव्हा टेफ्लॉनचा लेप दिलेल्या कापडाचं छप्पर आलं. सगळा आधार मागे. प्रेक्षक आणि खेळपट्टी यांच्यामध्ये एकही खांब नाही. असं कापड चौरस मीटरला फार तर दीड किलो भरतं. उलट आयएस ८७५ या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. त्याचा दाब चौरस मीटरला ११८ किलोंच्या घरात जातो. छत्री उलटी व्हावी तसा हा वारा छपराला खालून रेटतो, वरून ओढतो.

मग सगळं गणित फिरतं. वजनाखाली छप्पर पेलणाऱ्या पोलादी ट्रसचा वरचा पाइप ताणात असतो, खालचा दाबात. वाऱ्याने उचललं की नेमकं उलट. प्रेक्षकांच्या मागे असलेल्या आधारातला मागचा खांब वजनाखाली उपटू पाहतो, वाऱ्यात त्याच आधारातला पुढचा. ही ओढ शेवटी पायऱ्यांखालच्या काँक्रीटलाच धरावी लागते, आणि काँक्रीट तर दाबाला खंबीर, ताणाला कच्चं. म्हणून सळया पार फाउंडेशनपर्यंत न्यायच्या.

माझा जीव अडकलेला असतो तो बेसप्लेटपाशी, जिथे पोलाद काँक्रीटवर उतरतं. काँक्रीटचा मिस्त्री सुताच्या हिशेबाने चालतो. फॅब्रिकेटरने मात्र प्लेटची भोकं मिलिमीटरच्या मापाने आधीच पाडलेली असतात. त्यामुळे बोल्ट टेम्प्लेटमध्ये घट्ट धरायचे, दोन्ही कर्ण मोजायचे, आट्यांना ग्रीस लावून त्या गुंडाळायच्या. काँक्रीट ओतून झालं की ते ओलं असतानाच पुन्हा मोजायचे, कारण व्हायब्रेटरचा एक धक्का बोल्ट सरकवायला पुरेसा होतो. पुढे प्लेटखालच्या फटीत न आकसणारं ग्राउट एकाच बाजूने ओतायचं, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. दोन्हीकडून ओतलं तर मध्ये हवा कोंडते आणि ती पोकळी वरून कुणालाच दिसत नाही. ही ओताई मी स्वतः उभा राहून बघतो. ड्रॉइंगवर सही करून हे काम संपत नाही, असं माझं ठाम मत आहे.

समुद्राकाठी तर बेसप्लेटभोवती पाणी साचू देऊच नये. खारी हवा रंगाची एक चीरसुद्धा सोडत नाही. दर पावसाळ्यानंतर हे सांधे तपासावेत, आणि तिथवर पोचायची शिडी पहिल्या आराखड्यातच असावी. मागाहून ती कुणी बसवत नाही.