मामांचं चालणं

मामा हृदयविकाराने गेले, असं मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं आहे. ते खरंच असेल. पण मी डोळ्यांनी पाहिलं ते सांगायचं तर त्यांचं जाणं त्याच्या कितीतरी आधी, त्यांनी घराबाहेर पडणं सोडलं तेव्हाच सुरू झालं होतं.

तंजावरात वडक्कु वीदीत, म्हणजे उत्तरेकडच्या राजरस्त्यावर, माझ्या आईचं माहेर. भोसल्यांच्या मागोमाग दक्षिणेत उतरून तिथेच रुजलेल्या घरांपैकी एक. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. मामा शाळेत गणित शिकवायचे आणि जन्मभर पायी हिंडायचे. सकाळी मोठ्या देवळात, परतताना राजवाड्यावरून, भाजीची पिशवी घेऊन घरी. आवणी या तमिळ महिन्यात रविवारी पहाटे उठून पुन्नैनल्लूरच्या मारिअम्मनला, तेही चालत. मे महिन्यात आम्ही मुलं पुण्याहून गेलो की त्यांच्यामागे अक्षरशः पळायचो.

वाटेत दम खायला मिळायचा तो तिण्णैवर. जुन्या घरांना रस्त्याच्या अंगाला लांबलचक ओटा असायचा, वर छपराची सावली, मधे लाकडी खांब. त्याला तिकडे तिण्णै म्हणतात. त्यावर कुणीही बसावं, कुणी हटकत नसे. मामा टेकले की आतून कुणीतरी ताक आणून देई, मग त्या घरातल्या मुलाची गणितं तपासली जात, कुणाच्या लग्नाचं कळे, कुणाच्या आजाराचं कळे. म्हाताऱ्या माणसाला चालायचं तर मधे बसायला जागा लागते, हे त्या रस्त्याला ठाऊक होतं. पुढे घरं पडली, दुकानं आली. तिण्णै फोडून तिथे शटर बसलं आणि उरलेल्या पट्टीवर दुचाक्या उभ्या राहिल्या. चालणारा माणूस डांबरावर उतरला.

त्या डांबरावरच एका संध्याकाळी मागून आलेल्या मोटारसायकलचा मामांना धक्का लागला. हाड मोडलं नाही, कोपर खरचटलं. चालवणारा पोरगा भला होता, रिक्षातून घरी सोडून गेला. पण त्यानंतर मामा चप्पल घालून उंबऱ्यापर्यंत यायचे, डावीउजवीकडे बघायचे आणि मागे फिरायचे. ‘‘खाली उतरायचं भय वाटतं रे,’’ एवढंच मला एकदा म्हणाले. आधी देऊळ सुटलं, मग भाजी, मग माणसं. मांड्या वाळल्या, साखर वाढली, रात्रीची झोप गेली. प्रौढांनी आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मामांचं तेवढं चालणं पूर्वी दोन-तीन दिवसांत होऊन जाई. डॉक्टरांनीही कागदावर ‘रोज फिरणे’ असं लिहून दिलं होतं. तो कागद बरेच दिवस खिडकीत होता.

ते पुन्हा एकदाच चालले, एप्रिल 2015 मध्ये. मोठ्या देवळाचा रथ सुमारे शंभर वर्षं निघाला नव्हता. नवा लाकडी रथ घडवून त्या वर्षी तो चारी राजवीदींतून ओढला. गाड्या बंद, रस्ताभर नुसती माणसं. मामा धोतर नेसले, कुणाला न सांगता पायऱ्या उतरले आणि रथामागून पार कीळ वीदीपर्यंत, म्हणजे पूर्वेकडच्या राजरस्त्यापर्यंत गेले. मामी घाबरून त्यांच्या मागे. घरी आले ते घामाघूम होऊन, पोटभर जेवले आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपले. पाय शाबूत होते त्यांचे. दुसऱ्या दिवशी वीदीत गाड्या सुरू झाल्या आणि मामा परत आत बसले. त्यांच्यामागे उरलेल्या सगळ्या गोष्टींत मला ही एक गोष्ट सर्वांत जास्त टोचते.

आणि हे व्हावं तंजावरात, जिथे एकेकाळी वाटसरूंची एवढी काळजी घेतली जाई! आम्ही लहान असताना मामांनीच आम्हाला ओरत्तनाडचं मुक्ताम्बाळ छत्र, म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा, दाखवलं होतं. सरफोजीराजांनी आपल्या प्रिय मुक्ताम्बेच्या नावाने रामेश्वरच्या वाटेवर ते बांधलं. तंजावरच्या भोसल्यांची अशी आणखीही छत्रं त्या वाटेवर होती. 1799 मध्ये राज्याचा कारभार कंपनीकडे गेला, राजाच्या हाती किल्ला आणि तनखा राहिला. तरी 1801 मध्ये कंपनीच्या रेसिडेंटाला लिहिलेल्या पत्रात सरफोजीराजांनी जीव तोडून बाजू मांडली ती छत्रांची. नाना जातींचे वाटसरू तिथे येतात, त्यांना जेवण मिळतं, आजाऱ्याला वैद्य आणि औषध मिळतं, बाळंतिणीची सोय होते, पोरकी मुलं सांभाळली जातात, हे त्यांनी तपशिलाने कळवलं. राज्य गेलेला राजा पायी चालणाऱ्यांसाठी भांडत होता. 1861 मध्ये नागपट्टणमहून तंजावरला आगगाडी आली, 1914 मध्ये पांबनचा पूल झाला आणि रामेश्वरला चालत जाणं संपलं. आगगाडीवर माझा राग नाही, तिने कितीतरी गरिबांना देव दाखवला. पण गावातल्या गावात चालणारा माणूस कुठे संपला होता? त्याचा विचार करणारं मात्र कुणी उरलं नाही.

अलीकडे काही चांगलं घडतं आहे, ते मी मनापासून मोजतो. चेन्नईने 2014 मध्येच पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी धोरण स्वीकारलं, 2019 मध्ये तिथल्या पाँडी बाजारात रुंद पदपथ झाले. पुण्यात 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांविना मोकळा ठेवतात, तेव्हा तिथे आजी-आजोबा रस्त्याच्या मधोमध गप्पा मारत चालताना मी पाहिले आहेत आणि तिथून मान वळवून घरी आलो आहे. तंजावर 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या यादीत आलं, जुनं बसस्थानक नव्याने बांधलं गेलं. मे 2021 पासून तमिळनाडूत साध्या शहर-बसमध्ये बायकांना तिकीट नाही. मामी आता मनात आलं की एकटी पुन्नैनल्लूरला जाऊन येते. मामा गेल्यावर ती खचेल असं आम्हाला वाटलं होतं. त्या बसने तिला धरून ठेवलं, असं मी म्हणेन.

चारी वीदींसाठी मला फार काही नको. गुडघे दुखणाऱ्याला चढता येईल इतक्याच उंचीचा, सलग आणि दुचाक्यांपासून राखलेला फूटपाथ. फोडलेल्या तिण्णैंच्या बदल्यात थोड्या थोड्या अंतरावर बाक आणि त्यावर कडुलिंबाची सावली. बसमधून उतरल्यावर देवळाच्या दारापर्यंत बिनधोक जाता येईल अशी वाट. आणि रथाच्या दिवशी पोलीस वर्षातून एकदा गाड्या बंद ठेवतात, तशा दर रविवारी सकाळी. सुरुवात वडक्कु वीदीपासून करायला हवी, असं मामी म्हणते. तिथे अजून बरेच म्हातारे उंबऱ्याच्या आत बसून आहेत.