मेणाची डबी, मधाची बरणी

मध म्हटलं की आपल्याला काय आठवतं? सकाळचं कोमट पाणी, अर्धं लिंबू, चमचाभर मध आणि वर्षभराची फी भरून ठेवलेली जिम. खराडीतल्या आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत ग्रीन टीशेजारी मधाची बाटली कायम असते. तिच्यातला मध बाराही महिने तसाच पातळ, चकचकीत. एखाद्या जाहिरातीतल्या मॉडेलसारखा, कधी वय न होणारा!

माझ्या मामीचा मध असा गुणी नाही. तो थंडीत गोठतो. पहिल्यांदा बरणी ऑफिसात नेली तेव्हा शेजारच्या क्युबिकलमधून तत्काळ निकाल आला, "यात साखर आहे." अहो, उलट! फुलांप्रमाणे मधातलं ग्लुकोजचं प्रमाण बदलतं, ते जास्त असलं की अस्सल मधही कणीदार होतो. बरणी कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ. पाण्यात थेंब टाकून शुद्धता ओळखायची घरगुती परीक्षाही विसरा. २०२० मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट'नं बाजारातल्या मधाची तपासणी केली, तेव्हा साखरेच्या पाकाची भेसळ नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनाही चकवत असल्याचं समोर आलं. तिथं आपला पाण्याचा ग्लास काय करणार?

तर मामी. माझं आजोळ शिरूर तालुक्यात, मामीचं माहेर दौंडमध्ये, पाटसजवळ. मामा कांद्याचं बी धरतो. कांद्याच्या गोंड्यात एक गंमत असते. फुलातले पराग आधी पिकतात आणि स्त्रीकेसर मागून तयार होतो. म्हणजे या फुलाचं त्या फुलाला नेऊन देणारं कुणीतरी हवं. पूर्वी बांधावरच्या बाभळीवर फुलोरी माशीची पोळी असायची, वडावर आग्या मोहोळ. ती कमी झाली आणि मामाचे गोंडे पोकळ राहू लागले. मग मामी पुण्यात आली आणि गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत शिकून गेली. ही संस्था १९६२ पासून तिथं आहे. मी तिच्यासमोरून कित्येकदा गेलेय, पण सिग्नल सुटतोय का याच्यापलीकडे काही पाहिलं नव्हतं.

आता मामीकडे मेलिफेरा माश्यांच्या बारा पेट्या आहेत. शिरूरचा फुलोरा संपला की त्या टेम्पोत बसून न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे, म्हणजे मामीच्या माहेरी जातात. प्रवास रात्रीचा, कारण तेव्हा सगळ्या माश्या घरी असतात. "पोरी सासरी कमी आन् माहेरी जास्त राहत्यात," असं मामा म्हणतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना औषध संध्याकाळी फवारा म्हणून हात जोडण्याचं काम मात्र मामीकडे, आणि ते मध काढण्यापेक्षा अवघड आहे.

कांद्याच्या फुलांच्या ताज्या मधाला कांद्याचा किंचित वास येतो, बरं का. काही आठवड्यांनी तो जातो. तोवर माझे प्रयोग चालतात. सुक्या लाल मिरच्या भरड कुटून मधात घालायच्या, आठवडाभर बरणी तशीच ठेवायची. तापवायचं नाही. आयुर्वेदात तापवलेला मध वर्ज्य, आणि मामीच्या स्वयंपाकघरात तर गुन्हाच! हा तिखट मध भाजलेल्या रताळ्यावर घालून बघा. वांग्याच्या कापांवरही मस्त. काकडी-गाजराच्या सॅलडला शेंगदाण्याचं तेल, लिंबू, मोहरीची पूड आणि मध एवढं ड्रेसिंग पुरतं, बाटलीबंद काही आणायची गरज नाही. फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा चाटवू नका, आजी कितीही म्हणाली तरी.

मला खरं वेड लागलं ते मेणाचं. मध काढताना पोळ्यावरची पातळ झाकणं सुरीनं खरवडतात. ती पाण्यात उकळून, फडक्यातून गाळून थंड केली की वर पिवळीधमक वडी तरंगते. किलोभर मेण तयार करायला माश्या सहा ते आठ किलो मध खातात, असं मानलं जातं. हे कळल्यावर मेणाचा चुराही टाकवत नाही. मी जुन्या सुती ओढणीचे तुकडे केले, त्यांवर मेण किसून घातलं, वरखाली बटरपेपर ठेवून इस्त्री फिरवली. झालं डब्याचं झाकण! चपात्या, कापलेलं फळ, अर्धा कांदा, काहीही गुंडाळा. गरम पदार्थ मात्र नको, मेण ६२ ते ६५ अंशाला वितळतं. फ्रान्समध्ये बोर्दोचे आचारी 'कानले' नावाच्या केकच्या साच्यांना मेण आणि लोण्याचा हात लावतात. मी तोच हात आप्पेपात्राला लावला. गुळाच्या आप्प्यांच्या कडा अशा कुरकुरीत झाल्या की मामीनं दोनदा विचारलं, काय घातलंस म्हणून.

लिप बाम करायचा होता तेव्हा मी मोबाइलवर प्रमाण शोधत होते, एक भाग मेण, तीन भाग तेल. आजी पलंगावरून बघत होती. म्हणाली, "त्यात काय बघायचंय? खोबरेल घाल. बोटाला चिकटलं पायजे, पर वघळाया नगं."

आजीला हे कसं ठाऊक? तर पूर्वी कपाळावर आधी मेण लावत आणि त्यावर कोरडं कुंकू दाबून बसवत. तिच्या फणेरपेटीत आरसा, फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची पितळी डबी होती. २००९ मध्ये आजोबा गेले, त्या दिवशी ती पेटी ट्रंकेच्या तळाशी गेली. तिला कुणी जबरदस्ती केली नव्हती. कुणी काही विचारलंही नव्हतं.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पाठोपाठ राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. मामीनं ती बातमी आजीला दोनदा वाचून दाखवली. आजी "हं" म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली. मामीनं विषय सोडला.

त्या दिवशी बाम थंड होत असताना आजीनं ट्रंक उघडायला लावली. डबीतलं जुनं मेण काळपट होऊन तडकलं होतं. ते तिनं नखानं कोरून काढलं, डबी राखेनं घासली आणि माझ्या भांड्यातलं गरम मेण तिच्यात ओतून घेतलं. मला वाटलं, आता लावणार. लावलं तिनं, पण टाचांच्या भेगांना. दोन महिने टाचांनाच.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घर भरलेलं होतं. मामी ओळीनं सगळ्यांना कुंकू लावत आजीपाशी आली आणि थांबली. आजीनं कनवटीची डबी काढली, कपाळाला बोटानं मेण लावलं आणि मामीपुढं मान वर केली. नात्यातल्या एक काकू पुटपुटल्या, "या वयात आता काय हे!" आजी ओरडली वगैरे नाही. "मेण घरचं हाय, कपाळ माझं हाय," एवढंच म्हणाली आणि तिळगुळाचं ताट काकूंकडे सरकवलं. काकूंनी तिळगूळ घेतला, पण जाताना आजीच्या पाया पडल्या नाहीत. त्यानंतर त्यांचा फोनही नाही. मामीला त्याचं वाईट वाटतं. आजीला वाटतं की नाही, ते तिनं सांगितलेलं नाही. कुंकू मात्र रोज असतं.

परवा तिचा निरोप आला, डबी संपत आलीये, येताना नवीन मेण कालवून आण. आणि त्यात तो तुझा लॅव्हेंडरचा वास घालू नको, शिंका येतात.