कोणत्या रकान्यात?

मेंदूच्या प्रतिमांचे विश्लेषण आणि मराठीचा अध्यापक यांचा परस्परसंबंध काय, असा प्रश्न कोणालाही पडावा. तो संबंध माझ्या एका माजी विद्यार्थिनीने जोडला. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरातली ही मुलगी. घरात तेलुगू, शाळेत मराठी. आता ती परगावी एफएमआरआयवर संशोधन करते. प्रयोगासाठी तिला सारख्या अक्षरसंख्येच्या, सारख्याच परिचयाच्या मराठी शब्दांची यादी हवी होती. यादी करता करता मी तिच्या प्रयोगाच्या रचनेतही ओढला गेलो.

या रचनेला फॅक्टोरियल डिझाइन म्हणतात. ती वाढली शेतात. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील रोनाल्ड फिशर यांनी १९२६ मध्येच असा आग्रह धरला होता, की निसर्गाला एका वेळी एकच प्रश्न विचारण्यात शहाणपण नाही. खत आणि पाणी वेगवेगळे तपासले, तर दोघांचे गुण कळतात. पण पाणी असेल तरच खत लागू पडते, हे कळत नाही. कोरडवाहू सोलापुरात हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही! आपल्याकडे वि. गो. पानसे आणि साताऱ्याकडच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४ च्या ग्रंथातून कृषिसंशोधक हे सांख्यिकी शिकले. आणि वृत्तशास्त्र शिकलेल्याला तर ही मांडणी ओळखीचीच वाटेल. तीन स्थाने, प्रत्येकी लघु किंवा गुरू, म्हणून य-म-त-र-ज-भ-न-स हे आठ गण. दोन गुणिले दोन गुणिले दोन. एकही जागा रिकामी नाही.

तिच्या मूळ आराखड्यात मात्र एक जागा रिकामी राहत होती. घरची भाषा मराठी की तेलुगू, हा एक घटक. लिपी देवनागरी की तेलुगू, हा दुसरा. पण आपल्याकडे घरी अस्खलित तेलुगू बोलणाऱ्या कितीतरी मुलांना तेलुगू लिपी वाचता येत नाही, आणि मराठी घरांतल्या मुलांना ती येण्याचा प्रश्नच नाही. म्हणून लिपीऐवजी 'मराठी वाचणे' आणि 'मराठी ऐकणे' असा घटक आला. मला तो अधिक मोलाचा वाटतो. ज्यांना मराठी आईकडून न मिळता फळ्यावरून मिळाली, त्यांच्या मेंदूत वाचन आणि श्रवण यांतले अंतर वेगळे असेल काय?

विश्लेषण एसपीएम या लंडनमध्ये विकसित झालेल्या मोफत प्रणालीत होते. प्रत्येक व्यक्तीच्या प्रतिमा तिथे रकान्यांत भरायच्या आणि घटक जाहीर करायचे. वाचन आणि श्रवण एकाच व्यक्तीचे, म्हणून ती मोजमापे परस्परांपासून स्वतंत्र नाहीत, असे सांगावे लागते. दोन गट मात्र स्वतंत्र. मग चार आकडे: एक, वजा एक, वजा एक, एक. मराठी घरांतल्या वाचन-श्रवणाच्या फरकातून तेलुगू घरांतला फरक वजा करणारे हे आकडे, आणि त्यांची बेरीज शून्य. फरकांमधला हा फरक म्हणजे आंतरक्रिया. नुसता गटागटांतला भेद याच तक्त्यातून काढू नये, त्यासाठी प्रत्येक व्यक्तीची सरासरी घेऊन वेगळी चाचणी करावी, हेही तिनेच मला समजावले.

गणित इथे संपते. माणसे संपत नाहीत. वडील तेलुगू, आई अक्कलकोटकडची कन्नड, गल्ली मराठी, अशी मुले माझ्या वर्गात दरवर्षी असतात. त्यांना प्रयोगातून वगळले तर निष्कर्ष स्वच्छ येईल, पण तो सोलापूरचा असेल का? घेतले तर 'घरची भाषा' या शब्दाचा अर्थच सैल होतो. ती वगळण्याच्या बाजूची, मी घेण्याच्या. मग तिने विचारले, "सर, माझं काय? लग्नानंतर घरी मराठीच बोलते. आईशी फोनवर तेलुगू. मला कुठे बसवाल?"

वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत घरात जी भाषा बोलली गेली ती, असे शेवटी प्रश्नावलीत लिहायचे ठरले. कन्नड-तेलुगू मुलांसाठी तिसरी पातळी करायची, तर माणसे वाढवावी लागतील आणि स्कॅनरचे तासही. ती आता त्याचा हिशेब करते आहे. मी शब्दांची दुसरी यादी.